आमची वाटचाल : ट्रेडल, चिखल आणि तो फ्लेक्स

वडिलांनी चिपळूणला छापखाना काढला तो एका ट्रेडलवर, म्हणजे छपाईच्या जुन्या छोट्या यंत्रावर. लग्नपत्रिका, बिलबुकं, जत्रेची हँडबिलं, नेहमीचंच. पुढे मिनी ऑफसेट हे नवं मशीन आलं. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी दुकानात शिरली. २००५ च्या पाण्याची खूण म्हणून भिंतीत खिळा मारला होता, तो कधीच बुडाला. चौथ्या दिवशी गोदामाचं दार ढकलेना. आत कागदाची रिमं भिजून फुगली होती. ऑफसेट गेली. ट्रेडल मात्र रॉकेलने धुतली, वंगण दिलं आणि फिरली.

डिसेंबरात डॉक्टर, वकील, सीए, इंजिनीअर अशा गावातल्या संघटनांनी मिळून मदतनिधीसाठी स्नेहमेळावा ठरवला. पूरग्रस्त मुलांच्या शिक्षणाला पैसा, शिवाय धंदेवाल्यांच्या आपसात ओळखी. या सगळ्यांची लेटरहेडं वीस वर्षं आमच्याकडची. पण आमच्याच रस्त्यावरच्या एका डिजिटल छपाईवाल्याने सगळी छपाई फुकट कबूल केली, बदल्यात स्टेजमागे स्वतःचा फ्लेक्स. मला कुणी विचारलंही नाही.

आदल्या रात्री नऊला आमचे सीए काका स्कूटरवर हजर. वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक.

"ट्रेडल चालते ना रे तुझी?"

फुकटच्या पावतीपुस्तकांत पॅनची ओळच नव्हती आणि दोन पुस्तकांवर तेच नंबर. संस्थावाल्यांनो, छपाईआधी प्रूफ सीएला दाखवा. देणग्या आयकर खात्याला कळवायच्या फॉर्ममध्ये (तेव्हा तो १०बीडी) देणगीदाराचा पॅन किंवा आधार असा ओळख क्रमांक लागतो, आणि २,००० रुपयांच्या वर रोख दिली तर त्याला देणगीवरची करसवलत (तेव्हाचं कलम ८०जी) मिळत नाही.

बसलो. नंबरिंगच्या ठोकळ्यात सातचा आकडा अडकत होता. बायकोने टाचणीने चिखल कोरून काढला. पहाटे तीनला सहा पुस्तकं पिनून तयार. काकांनी पैसे मोजून दिले, घासाघीस नाही.

मेळाव्यात प्रत्येकाला ओळखीसाठी दोन मिनिटं होती. फ्लेक्सवाला दहा मिनिटं बोलला. माझी पाळी आली तेव्हा जेवणाच्या घोषणेची घाई. "हातातल्या पावतीचे नंबर आम्ही टाकलेत," एवढंच म्हणून उतरलो. जेवणाच्या रांगेत तीन ऑर्डरी मिळाल्या, त्यातली एक एका दवाखान्याची. ती अजून आहे.

फ्लेक्स दुसऱ्या दिवशी हॉलच्या मागे पडला होता, तो मी उचलून आणला. पावसाळ्यात ट्रेडलवर तोच घालतो, छापलेली बाजू खाली.