तुम्ही विचारलंत म्हणून: ज्युदोचा ड्रेस रोज धुवायचा का?

मुलाला ज्युदोच्या क्लासला घातलं की पहिल्या आठवड्यातच कोणीतरी आई दारात थांबून विचारते, "मॅडम, हा ड्रेस रोज धुवायचा? केवढा जाड आहे, वाळतच नाही हो." जुन्या पालकांचा प्रश्न थोडा पुढचा असतो, "आणि पट्टा? पट्टा धुतलेला चालतो का?" पुढची बॅच मॅटवर उभी असते, त्यामुळे मी "हो, दोन्ही धुवा" एवढंच सांगून आत जाते. एवढ्यानं कोणाचं समाधान होत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळंच सांगते.

हो, रोज. म्हणजे जितक्यांदा मॅटवर घातला, तितक्यांदा. हिवाळा आहे, पोरगं अर्धा तासच खेळलं, घाम आलाच नाही, तरीही.

कारण ज्युदोचा ड्रेस आपल्या अंगावर असला तरी तो वापरतो समोरचा. त्याच्या एका हातात आपली कॉलर असते, दुसऱ्यात आपली बाही. खाली जमिनीवरची पकड सुरू झाली की त्याचं नाक-तोंड आपल्या जॅकेटमध्ये दाबलं जातं. कामी-शिहो-गातामे या पकडीत आपण डोक्याकडून येऊन त्याच्या वरच्या अंगावर पालथे पडतो, आणि पूर्ण गुण मिळवायला त्याला तसंच 20 सेकंद दाबून धरावं लागतं. ते 20 सेकंद तो श्वास घेतो तो आपल्या कपड्यातून. स्पर्धेच्या नियमांतही ड्रेस स्वच्छ, कोरडा आणि दुर्गंधी नसलेला हवा असं लिहिलेलं आहे, नखं कापलेली हवीत असंही आहे. माझ्या मते मॅटवरचं वाकून केलेलं नमन आणि धुतलेला ड्रेस यांत फरक नाही. दोन्ही समोरच्यासाठीच असतं.

दुसरं कारण त्वचेचं. नायटा, म्हणजेच गजकर्ण, कुस्ती आणि ज्युदो खेळणाऱ्यांच्या पाचवीला पुजलेला. त्याची बुरशी अंगाला अंग घासून पसरते, तशी ओलसर कपड्यातूनही पसरते. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे हा नायटा फार चिवट झालाय, साध्या औषधांना दाद देत नाही. मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब चोळली की खाज दोन दिवस थांबते आणि आतून तो वाढत जातो. म्हणून अंगावर लालसर गोल चट्टा दिसला तर आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि ते हो म्हणेपर्यंत मुलाला मॅटवर पाठवू नका. त्या काळात ड्रेस, टॉवेल, आतले कपडे 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवा. ड्रेस थोडा आटेल. आटू द्या.

एरवी मात्र गार पाणीच. ज्युदोचं जॅकेट सुती असतं. वरच्या भागात तांदळाच्या दाण्यांसारखी उठावदार वीण असते, कमरेखाली चौकटींची. हे कापड गरम पाण्यात, त्याहून जास्त ड्रायरमध्ये, आटतं. बाही आखडली की पंचाईत, कारण स्पर्धेत हात पुढे ताणून उभं करतात आणि बाही मनगटापर्यंत पोचली नाही तर ड्रेस बदलून ये म्हणतात. तेव्हा नवा ड्रेस थोडा मोठाच घ्या आणि पहिली धुणी होईपर्यंत तो वर दुमडून शिवू नका.

आता प्रत्यक्ष धुणं. घरी आल्या आल्या ड्रेस बॅगेतून बाहेर काढा. रात्रभर चेन लावलेल्या बॅगेत राहिलेला ओला ड्रेस ही कुबट वासाची सुरुवात आहे, आणि तो वास एकदा विणीत बसला की सहज जात नाही. पट्टा वेगळा करा. पँटच्या नाडीची दोन्ही टोकं एकत्र गाठ मारून ठेवा, नाहीतर नाडी नेफ्यात शिरते आणि सकाळी सेफ्टी पिन शोधत बसावं लागतं. सगळं उलटं करा, कारण घाम आतून लागतो. आधी नुसत्या पाण्यातून काढा. मग मशीनला लावा, पण पावडर नेहमीच्या निम्मी. जास्त पावडर म्हणजे जास्त स्वच्छ, हा समज इथे उलटा पडतो. जाड विणीतून साबण पुरता निघत नाही, कापड कडक होतं आणि पुढच्या घामाला मानेवर खाज सुटते. मशीनमध्ये एका वेळी एक, फार तर दोन ड्रेस. मोठ्या माणसाचा जाड ड्रेस कोरडाच दोन किलोच्या आसपास भरतो, भिजल्यावर तर विचारू नका. खळबळून काढायची एक फेरी वाढवा. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्यानं धाग्यांवर थर बसतो आणि कापड घाम टिपेनासं होतं.

कॉलरकडे नीट बघा. ती कापडाचे थर घालून दाट शिवलेली असते, हात सगळ्यात जास्त तिलाच लागतात आणि मशीन तिथवर पोचत नाही. मानेमागचा भाग आणि छातीवर पकड बसते ती जागा, या दोन ठिकाणी साबणाची वडी फिरवून मऊ ब्रशनं शिवणीच्या दिशेनं घासा. आडवं घासलं की शिवणीचे दोरे सुटतात.

रक्ताचे डाग पडतातच. कोणाचं नाक फुटतं, कोणाचं बोट सोलतं. लगेच गार पाण्याखाली धरा. गरम पाणी लागलं की रक्तातलं प्रथिन धाग्यात पक्कं बसतं आणि तपकिरी डाग राहतो. पांढऱ्या ड्रेसवर मेडिकलमध्ये मिळणारं 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. निळ्यावर टाकू नका, रंग उडू शकतो.

पांढराशुभ्र करायच्या हौसेपायी क्लोरीनचं ब्लीच घालणारे मी फार पाहते, आणि हे मला मनापासून खटकतं. ब्लीचनं सुताचा धागा दुबळा होतो. हा कपडा नुसता अंगावर मिरवायचा नाही, त्याला धरून पूर्ण माणूस उचलला जातो. खांद्याच्या शिवणीवर ड्रेस टरकन फाटतो तो असा. डाग फारच असतील तर ऑक्सिजनवालं ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, कोमट पाण्यात विरघळवून त्यात तासभर भिजवा. पाणी बोअरचं, क्षारांचं असेल तर शेवटच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घाला. पण व्हिनेगर आणि क्लोरीनचं ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून विषारी वायू निघतो. नीळ मी वापरत नाही, जाड विणीत तिचे ढग उठतात.

खरी परीक्षा पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच ओली असते, ड्रेस दोन-दोन दिवस वाळत नाही. मशीनमध्ये पाणी दोनदा पिळून काढा. मग जॅकेट दोरीवर दुमडून टाकू नका. दोन्ही बाह्यांतून काठी किंवा पाइप घालून ते हात पसरल्यासारखं टांगा, वर पंखा लावा. वाळला का हे बघायचं तर कॉलर गालाला लावा. गार लागली तर आत ओल आहे. पंख्याखालीही जमत नसेल तर दुसरा ड्रेस घ्यावा लागतो, त्याला दुसरा इलाज नाही. नवाच हवा असं नाही, मोठ्या मुलांचे लहान झालेले ड्रेस क्लासमध्ये विचारलेत तर मिळतात.

आता पट्टा. पट्टा धुतला की त्यातली मेहनत धुऊन जाते असं काहीजण मानतात. पांढरा पट्टा मळत मळत काळा झाला आणि तिथून ही पद्धत पडली, अशी गोष्टही सांगतात. गोष्ट ऐकायला छान आहे, पण तसं घडलेलं नाही. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 साली टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली आणि पुढच्या काही वर्षांत वरच्या पायरीच्या शिष्यांना काळा पट्टा दिला, तो ओळखू यावेत म्हणून. पिवळा, हिरवा, निळा असे रंग युरोपात रुजले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. मळाचा यात कुठेच संबंध नाही. पट्ट्याबद्दल भावना असणं मी समजू शकते, माझीही आहे. पण पट्ट्यालाही घाम लागतो, तो सुटून मॅटवर लोळतो, सगळ्यांचे हात त्याला लागतात. तो वेगळ्या बादलीत, गार पाण्यात, हातानं धुवा, कारण रंग जातो. पिळू नका, आतले थर पिरगळतात. दाबून पाणी काढा आणि सरळ लटकवा. पट्टा रोज धुवायला नको, आठवड्याला एकदा पुरे.

कोल्हापूरच्या तालमीत लंगोट रोज धुऊन उन्हात टाकतात आणि तिथं हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण पैलवान तो स्वतः धुतो. आपल्याकडे प्रश्न आई विचारते, कारण धुणार तीच असते. दहा वर्षांच्या मुलाला ड्रेस पाण्यातून काढून काठीवर टांगता येतो, मुलीला आणि मुलाला दोघांनाही. सुरुवातीला बादलीभर पाणी सांडेल, एवढंच. पण बाही उलटी करताना त्यालाच आधी दिसेल की काखेतली शिवण उसवलीय. ती धुण्याआधी शिवून घ्या, मशीनमध्ये भोक मोठं होतं आणि त्यात समोरच्याचं बोट अडकून मुरगळतं. गुडघ्याला ठिगळ लावा, खांद्याला लावा, बिनधास्त लावा. कॉलरच्या आतला थर बाहेर डोकावायला लागला की मात्र ड्रेस बदला.