ओहोटीचा चढ

नवी वॅगनआर दारात आली आणि चार दिवसांनी आमचे हे मुंबईला परत गेले. गाडी गुहागरात, चालवणारा बोरिवलीत. मला ऑटोमॅटिक हवी होती, पण चाळीस-पन्नास हजारांचा फरक बघून ह्यांनी "शिकशील गं तू" म्हणत विषय मिटवला होता. माझं वय त्रेचाळीस, अनुभव फक्त स्कूटीचा. आणि स्कूटीला दाबायचा क्लच नसतो.

लर्निंग लायसन्स काढलं, पुढेमागे लाल 'एल' चिकटवला. शेजारी लायसन्सवाला माणूस बसलेला लागतो. मला शेजारचेच काका मिळाले. सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर काढलेली, आता निवृत्त.

पहिल्या दिवशी गाडी अकरा वेळा बंद पडली. आकडा पक्का, कारण काका दर वेळी तो मोठ्याने म्हणत होते.

आमचं घर खालच्या वाडीत. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट, आणि फाटकाबाहेर चाक पडलं की चढ. सपाटीवर शिकायचं तर सड्यावर, म्हणजे वरच्या मोकळ्या पठारावर जायला हवं, आणि सड्यावर जायचं तर चढ चढता यायला हवा. म्हणून पहिला आठवडा काकाच गाडी वर नेऊन मग माझ्या हातात द्यायचे.

वर गेल्यावर त्यांनी मला अ‍ॅक्सिलरेटरला पायच लावू दिला नाही. पहिला गिअर टाकायचा आणि नुसता क्लच सोडायचा, तोही केसाएवढा. मग इंजिनाचा आवाज जरा जड होतो, स्टिअरिंगला बारीक थरथर येते आणि गाडी मुंगीच्या चालीने सरकायला लागते. "इथं पकडला. आता पाय इथंच धर, सोडू नको." मी तिथेच सोडायचे. गाडी बेडकासारखी उडी मारून गप्प.

"काका, पण आत होतं काय नेमकं?"

संध्याकाळी काकांनी ओटीवर एक ताटली उपडी घातली आणि दुसरी तिच्यावर धरून फिरवायला लागले. वरची इंजिन, खालची चाकं. हलकी टेकवली तर वरची नुसती घसरत फिरे. दाब हळूहळू वाढवला तशी खालचीही तिच्याबरोबर वळायला लागली. मग त्यांनी एकदम दाबली. खण्णकन आवाज झाला आणि वरचीही अडली. "अकरा वेळा हे केलंस बाय." मोबाइलवर मी किती व्हिडिओ पाहिले होते देव जाणे, पण डोक्यात शिरलं ते त्या ताटल्यांमुळे. पायात शिरायला मात्र आणखी आठवडा गेला.

गिअर बदलणं त्यामानाने काहीच नाही. आवाज ओढल्यासारखा वाटला की वरचा, गाडी दमल्यासारखी वाटली की खालचा.

खरी परीक्षा चढावर थांबून पुन्हा निघण्याची. मी हाफ क्लचवरच, म्हणजे क्लच अर्धाच सोडून गाडी तोलून धरायचे, मागे जायला नको म्हणून. एकदा मोरीपाशी म्हशी आडव्या आल्या, मी तशीच तोलत बसले आणि गाडीत जळका वास भरला. काका भडकले. "प्लेट जाळतेयस! हँडब्रेक काय शोभेला दिलाय?" मग रीत घोटून घेतली: हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, थोडी रेस, क्लच आवाज जड होईपर्यंत वर, गाडीचं नाक किंचित उचललं की हँडब्रेक खाली. घरच्या फाटकापासून सड्यापर्यंत मी ते दहा-दहा वेळा थांबून केलं. गडग्यापलीकडून एक आजी रोज बघायच्या. "आज पण बिघडली काय गो?"

दीड महिन्याने काका म्हणाले, चल दाभोळला. म्हणजे धोपाव्याहून फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडायची. बोटीत शिरताना काही झालं नाही. पण पलीकडे पोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती. बोट खाली बसलेली, पुढे ओला, शेवाळी उतार लांबच लांब उघडा पडलेला, आणि तो मला चढायचा होता. पुढचा टेम्पो मध्येच थांबला, म्हणून मीही थांबले. मागे सहा दुचाकी, त्यातल्या दोघांचा हात हॉर्नवरच. गाडी एकदा बंद पडली. काका खिडकीबाहेर नदी बघत होते, अगदी मुद्दाम. हँडब्रेक, गिअर, रेस. आवाज जड झाला, नाक उचललं. चाक जरासं घसरलं, धरलं, आणि आम्ही वर.

परत निघेपर्यंत भरती आली होती. धोपाव्याला उतार निम्मा पाण्याखाली होता. मी न थांबता चढून गेले आणि काकांकडे बघितलं.

"भरतीला काय, कोणीपण चढवील," काका म्हणाले. "उद्या ओहोटी कितीला आहे बघ."