फक्कीचं घर

एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. नाशकात पाथर्डी फाट्याजवळचा आमचा प्लॉट 20 बाय 50, म्हणजे गुंठ्यालाही 89 फूट कमी. तरी सातबाऱ्यावर नाव चढलं तेव्हा मला तो गोल्फ क्लबच्या मैदानाएवढा वाटला होता. आखणीच्या दिवशी सगळं उतरलं.

सकाळी सातलाच मिस्त्री हजर. खुंट्या, दोरी, टेप आणि फक्कीची, म्हणजे रेघा आखायच्या पांढऱ्या भुकटीची पिशवी. कोपऱ्यातल्या खुंटीपासून एका दोरीवर 3 फुटांवर खूण, दुसरीवर 4 फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोब्बर 5 भरेपर्यंत दोरी सरकवत राहिले, मग म्हणाले, "आलं गुण्यात." पायथागोरसपायी मी शाळेत दोनदा अंगठे धरून उभा राहिलोय. इथं त्याचं नावही न घेता घर काटकोनात बसलं.

मुठीतून फक्की सोडत ते उलट पावली गेले आणि घर दिसायला लागलं. केवढंसं! मार्जिन सोडून रुंदी उरली 15 फूट. दोन्ही बाजूंच्या सहा इंची भिंती वजा केल्या की 14. त्यात जिना. 10 फूट चढायचं, पायरी 7 इंचाची, म्हणजे झाल्या 17 पायऱ्या. मध्ये वळवून शेजारी शेजारी घेतल्या तरी साडेसहा फूट गेलेच. भाडं न देता राहणारा पाहुणा आहे जिना.

"एवढाच हॉल?" मी विचारलं.

"भाऊ, फक्कीत घर बारकंच दिसतं. भिंती उठल्या की वाढतं."

खरं असावं. एवढ्या आभाळाखाली खोली खोक्याएवढीच दिसणार. पण मनाचा हॉल काही वाढेना.

जमिनीचं वेगळंच. वरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणायचं. तिथं जे लोखंड-सिमेंट गाडलं जाणार, त्याचं कौतुक कुणी करणार नाही. पाहुणे येतात ते टाइल्स बघायला.

दहाच्या सुमारास आई आली. जुन्या नाशकात, वाड्यातल्या दोन खोल्यांत तिनं तीस वर्षं संसार केला. ती थेट फक्कीतल्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. हवेतल्या ओट्यावर हात टेकला, दोन पावलं मागे सरली, वळली.

"फ्रिज इथं ना?"

"हो."

तिनं हात पुढे करून फ्रिजचं दार उघडलं. म्हणजे, हाताचा अर्धगोल फिरवला. बोटं भिंतीच्या रेघेपलीकडे गेली. "मग भाजीचा ट्रे कसा निघणार?"

तीन महिने नकाशा टेबलावर पसरून आम्ही देवघराच्या दिशेवर भांडलो होतो. हे कुणाला सुचलं नव्हतं. मिस्त्रींनी मान डोलावली, चपलेनं रेघ पुसली आणि सहा इंच पलीकडे नवी ओढली. "मावशी, आता?" आईनं पुन्हा दार उघडलं, ट्रे ओढला, बंद केला. बाथरूमचे सहा इंच गेले, ते कुणी काढलंच नाही.

निघताना ती दाराच्या जागी सोडलेल्या फटीतूनच बाहेर पडली. तिच्या मागून मीही. रेघ ओलांडायचं कुणाच्या मनात आलं नाही. तेवढ्यात गल्लीतलं एक कुत्रं बेडरूमच्या भिंतीतून आत शिरलं आणि जिन्याखालून निघून गेलं.