डिपॉझिट परत हवं असेल तर किल्ली आणि पैसे एकाच वेळी

पुण्या-मुंबईत भाड्याचं घर सोडताना डिपॉझिट अडकतं ते बहुतेक वेळा एकाच कारणानं. किल्ली आधी देऊन टाकली जाते आणि पैसे 'दोन-चार दिवसांत टाकतो' यावर राहतात. किल्ली मिळाली की मालकाला घाई उरत नाही. 'नवा भाडेकरू आला, त्याचं डिपॉझिट आलं की तुमचं देतो' असं सरळ सांगणारेही पुष्कळ आहेत. करारात मात्र तसं नसतं. लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याच्या कराराच्या, नेहमीच्या मसुद्यात घर रिकामं करून ताबा दिला की बिनव्याजी अनामत परत, असंच लिहिलेलं असतं. घर सोडायचं ठरलं की आधी करार काढा आणि तीन गोष्टी वाचा: नोटीस किती दिवसांची, लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही तो) कधी संपतो, रंगकामाचं काय ठरलंय.

नोटीस फोनवर देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल दोन्हीवर पाठवा, आणि त्यात तारीख, वेळ, रक्कम स्पष्ट लिहा: 'करारानुसार एक महिन्याची नोटीस देत आहे. ३१ तारखेला सकाळी ११ वाजता घराचा ताबा देईन. त्याच वेळी अनामत रक्कम ९०,००० रुपये माझ्या खात्यात जमा करावी.' शेवटच्या दिवशी होणारे निम्मे वाद या तीन ओळींनीच टळतात.

ताबा देण्याच्या आठ-दहा दिवस आधी मालकाला घर बघायला बोलवा. कापायचं काय ते तेव्हाच कळू दे, म्हणजे दुरुस्ती आपल्या माणसाकडून करून घेता येते. गळका नळ, बंद पडलेला एक्झॉस्ट फॅन, खिळ्यांची भोकं ही कामं स्वतः केली तर थोडक्यात होतात. मालकाच्या हिशेबात तीच फुगतात. बोअरच्या पाण्यानं नळांवर आणि टाइल्सवर चढलेला पांढरा क्षार आणि ओट्यामागचा तेलाचा थर नक्की काढा. 'डीप क्लीनिंग'च्या नावाखाली पैसे कापले जातात ते यावरच. वापरानं फिका पडलेला रंग हे मात्र नुकसान नव्हे, आणि त्याचा खर्च भाडेकरूवर टाकणं चूकच आहे. पण 'रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल' असं करारात असेल आणि तुम्ही सही केली असेल, तर तिथे वाद घालून उपयोग नाही.

विजेचं बिल हे पैसे रोखून धरायचं हमखास कारण, कारण शेवटचं बिल तुम्ही गेल्यावर येतं. त्याचा हिशेब जागेवरच करा. समजा मागच्या बिलावर चालू रीडिंग ४३१२ आहे आणि आज मीटर ४३९६ दाखवतोय. म्हणजे ८४ युनिट. मागचं बिल १२० युनिटचं १,२६० रुपये असेल तर युनिटमागे साडेदहा रुपये, म्हणजे ८८२. वर थोडे धरून हजार कापून घ्या म्हणावं. हजारासाठी नव्वद हजार थांबायला नकोत. मीटरचा फोटो काढताना मीटर क्रमांकही दिसला पाहिजे. पाइप गॅसचंही तसंच. सोसायटीत पार्किंगचं स्टिकर परत करा.

ताब्याच्या दिवशी रिकाम्या घराचा सलग व्हिडिओ घ्या: प्रत्येक खोली, चालू दिवे, वाहते नळ, गिझर, आणि करारातल्या यादीतली एकेक वस्तू. मग एका कागदावर किल्ल्या किती दिल्या, रीडिंग किती, कपात किती, कशासाठी, उरलेली रक्कम किती, हे लिहून दोघांच्या सह्या. पैसे खात्यात आल्याचा मेसेज वाचा आणि मगच किल्ली द्या.

पण पैसे मिळेपर्यंत किल्ली अडवून बसायचं, तेही कराराची मुदत उलटून गेल्यावर, हे धोक्याचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खाली मुदतीनंतर ताबा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दरानं भरपाई मागता येते. म्हणून ताब्याचा दिवस मुदत संपायच्या दोन-तीन दिवस आधीचा ठेवा. शेवटची दोन महिन्यांची भाडी डिपॉझिटमधून वळती करायची असतील तर मालकाची लेखी संमती घ्या. नाहीतर थकबाकीदार तुम्हीच ठरता.

तरीही पैसे आले नाहीत तर वकिलामार्फत १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा. सोबत करार, डिपॉझिट दिल्याची बँक नोंद, ताब्याचा कागद जोडा. त्यानंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व (दावा दाखल करण्याआधीच्या) तडजोडीसाठी अर्ज करता येतो. नाहीतर दिवाणी दावा, जो साधारण तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. पोलीस ठाण्यात बहुधा 'हे दिवाणी प्रकरण आहे' असंच ऐकायला मिळतं.

करार नोंदवलेलाच नसेल तरी हात टेकू नका. त्याच कायद्याच्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. डिपॉझिट रोख दिलं असेल आणि पावती नसेल, तर मात्र घर सोडायच्या आधीच, बोलणी गोड आहेत तोवर, 'माझे ९०,००० तुमच्याकडे आहेत ना?' असा मेसेज टाकून लेखी होकार मिळवा.