नोंद तिसरी: धरणगावचा उन्हाळा आणि रायझन

एप्रिलमध्ये ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचा रेंडर (अंतिम चित्र तयार करण्याचं जड काम) लावला आणि तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोत प्रोसेसर ९५ अंशांना टेकलेला दिसला. माझ्या एएमडीच्या रायझन ५ ३६०० प्रोसेसरची हीच मर्यादा. तिथे पोचला की तो आपोआप वेग उतरवतो. खोलीत तेव्हा ३८ होते.

त्या दिवसापासून वहीत तापमानाचे दोन आकडे लिहितो, खोलीचा आणि चिपचा, म्हणजे प्रोसेसरचा. बघायचा तो दोन्हींतला फरक. यूट्यूबवरच्या चाचण्या बहुतेक थंड खोलीतल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ जातं, तेव्हा नुसता चिपचा आकडा धरला तर आपण केलेलं काम लागू पडलं की आज ऊनच कमी होतं, हे कळत नाही. पहिला फरक ५७.

कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर रुईचा थर होता. बोटानं ओढला तर गोधडीतल्या कापसासारखा सलग निघाला. घरामागेच कापसाच्या जिनिंगचा कारखाना आहे, हंगामभर तंतू उडतात. जाळी धुतली, हीटसिंक (प्रोसेसरवरच्या कूलरचा उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) ब्रशनं साफ केला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरा, नाहीतर तो भलत्या वेगानं फिरतो आणि बेअरिंग जातं. फरक ४९.

मग प्रोसेसर आणि त्यावरचा कूलर यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट. एएम४ वाल्यांनो (या प्रोसेसरच्या सॉकेटचं नाव), इथे अजिबात घाई नको. आधी दहा मिनिटं लोड देऊन चिप गरम केली, मशीन बंद करून वायर काढली, स्क्रू सोडवले आणि कूलर डावीउजवीकडे हलकेच पिळून मगच उचलला. थंड असताना सरळ उपसला की पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून निघून येतो आणि पिना वाकतात. जुनी पेस्ट खपलीसारखी वाळली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली, स्क्रू तिरक्या जोडीनं थोडे थोडे आवळले. फरक ४४.

सगळ्यात मोठा उतार मात्र फुकट मिळाला: बायोसमधला (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधला) ४५ वॅटचा, कमी वीज घेणारा इको मोड. फरक थेट ३४. वीस मिनिटांचा रेंडर बावीसवर गेला. उन्हाळ्यापुरतं मला ते पूर्ण मान्य आहे.

डेझर्ट कूलरनं खोली छान उतरते, आपली हवा कोरडी ना. पण झोत कॅबिनेटवर नको. बोअरच्या पाण्याचे तुषार आत गेले की बोर्डावर क्षार बसतात. मी कॅबिनेट झोताबाहेर सरकवलंय, खिडकी उघडी ठेवतो.

काल दुपारी खोली ४१, चिप ७५. रेंडर एकदाही मंदावला नाही.