मुंबई ते चिपी: हवाई अंतर आणि प्रत्यक्षातला प्रवास

मुंबई विमानतळापासून सिंधुदुर्गातील चिपी विमानतळापर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे ३५० किलोमीटर आहे, तर महामार्गाने चिपीजवळच्या कुडाळला जायचे झाल्यास पावणेपाचशे किलोमीटरच्या घरात जाते. ही तफावत कोकणच्या किनाऱ्यानेच घडवली आहे. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा खाड्या जमिनीत आतवर शिरलेल्या असल्यामुळे महामार्ग समुद्र सोडून महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर असा आतून जातो आणि वाटेत परशुरामसारखे घाट लागतात. देवबागला उभे राहिले की कर्ली खाडीच्या मुखापलीकडे भोगवे समोर दिसते, पण गाडीने तिथे पोहोचायचे तर पुलासाठी आत वळसा घालावाच लागतो. विमानाला या खाड्यांचे काहीच देणेघेणे नसते.

आता वेळेविषयी. इंटरनेटवरील गणकयंत्रे जेट विमानाचा ताशी आठशे किलोमीटरचा वेग धरून अर्ध्या तासाच्या आसपासचे उत्तर देतात, आणि गावाकडे तेच ऐकून ‘अर्ध्या तासात घरी’ अशी बोलणी सुरू होतात. वेळापत्रकातला काळ मात्र विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबेपर्यंत मोजलेला असतो. या मार्गावर ९ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्राच्या ‘उडान’ या प्रादेशिक हवाई सेवा योजनेखाली सेवा सुरू झाली ती एटीआर ७२ या पंख्याच्या विमानाने, ज्याचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास असतो. शिवाय मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि उड्डाणासाठी रांगेत थांबणे ओघानेच येते. चढण, उतरण आणि ही रांग धरून सव्वा ते दीड तास लागतो. जेट विमान घातले तरी जमिनीवरचा वेळ तेवढाच राहणार असल्याने फार काही वाचणार नाही.

चाकरमान्याने खरे तर घरापासून घरापर्यंतचा हिशेब करावा. डोंबिवलीहून विमानतळ गाठणे, तपासणी आणि प्रतीक्षा यांत तीन तास सहज जातात. चिपीहून पुढे गाडी मिळून घरी पोहोचायला आणखी तासभर धरावा. म्हणजे एकूण साडेपाच तास झाले. पावसाळा वगळता वंदे भारत गाडी मुंबईहून कणकवलीला साधारण सहा तासांत आणून सोडते आणि ठाणे, पनवेलला थांबत असल्याने डोंबिवलीकराला मुंबईत जावेही लागत नाही. (रेल्वेच्या तिकिटावरील किलोमीटरवरून मात्र अंतराचा अंदाज बांधू नये, कारण कोकण रेल्वेच्या मार्गावर भाड्यासाठी प्रत्यक्षापेक्षा चाळीस टक्के जास्त अंतर धरले जाते.)

त्यामुळे कणकवलीच्या माणसाने विमानासाठी जास्तीचे पैसे मोजावेत, असे मला वाटत नाही. वेंगुर्ले, परुळे किंवा मालवण भागात ज्याचे घर आहे, त्याच्यासाठी चिपी खरोखर सोयीचे आहे. परंतु तिथल्या मुंबई सेवेत सातत्य राहिलेले नाही. सावंतवाडी आणि दोडामार्गकडच्यांनी गोव्यातील मोपा विमानतळाचा विचार करावा. जानेवारी २०२३ पासून तिथे विमाने उतरू लागली आहेत, आणि मुंबईपासूनचे हवाई अंतर पस्तीसेक किलोमीटरने वाढत असले तरी विमानांची निवड कितीतरी अधिक आहे.