चुना, स्पंज आणि भट्टी: हाडाची परांची करताना काय बिघडतं

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत वितळलेला धातू गाळायला रनरमध्ये, म्हणजे साच्यात धातू नेणाऱ्या वाटेत, सिरॅमिक फोमचा फिल्टर बसवतात. काळा, जाळीदार, हातात घेतला तर हलका. हाडातला खड्डा भरण्यासाठी कृत्रिम परांची, म्हणजे स्कॅफोल्ड, करायची एक जुनी आणि अजून चालणारी रीत हीच आहे. फक्त फिल्टरच्या सिलिकॉन कार्बाइडच्या जागी हायड्रॉक्सीॲपेटाइट येतं, हाडातल्या खनिजासारखं कॅल्शियम फॉस्फेट. इथल्या कोअरशॉपच्या (साच्याचे वाळूचे गाभे करतात त्या विभागाच्या) माणसाला यातलं निम्मं आधीच माहीत असतं. उरलेलं निम्मं या प्रोजेक्टला बसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी लिहीत आहे.

गरज कुठे पडते ते आधी पाहू. गुडघ्याखालच्या नळीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग अपघातात दबला, की सर्जन तो उचलून जागेवर आणतात आणि त्याच्याखाली पोकळी उरते. कमरेच्या हाडातून तुकडा काढून ती भरता येते. तो पर्याय आजही उत्तम, पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते आणि माल मोजकाच मिळतो. म्हणून कृत्रिम भराव. वजन पेलण्याचं काम मात्र प्लेट आणि स्क्रूचंच; भराव हाडाला आत शिरायला वाट देतो. रक्तवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रॉनपेक्षा लांबची पेशी उपाशी मरते, म्हणून छिद्रं किमान १०० मायक्रॉनची लागतात आणि ३०० च्या पुढे असली तर रक्तवाहिन्या नीट शिरतात. छिद्रं मोठी पण एकमेकांना जोडलेली नाहीत, तर ती असून नसल्यासारखीच.

आता पावडर. १०० ग्रॅम हायड्रॉक्सीॲपेटाइटला ७३.८ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरवलेला चुना, आणि ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल ६८.९ ग्रॅम. चुना २ लिटर डिस्टिल्ड पाण्यात ढवळत ठेवायचा, आम्ल १ लिटर पाण्यात पातळ करून मिनिटाला ५ मिलिच्या बेताने सोडायचं. सव्वातीन तास जातात, जाऊ द्यावेत. घाईने ओतलं की पीएच घसरतो. तो ९ च्या वर हवा, उतरू लागला तर अमोनिया. मग २४ तास मुरवायचं, गाळायचं, धुवायचं, १०० अंशांवर वाळवायचं.

सगळ्यात जास्त प्रोजेक्ट बुडतात ते चुन्याच्या बाटलीमुळे. उघड्या बाटलीतला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खडू होत जातो. वजन बरोबर भरतं, कॅल्शियम मात्र कमी पडतं. कॅल्शियम-फॉस्फरसच्या अणूंचं गुणोत्तर १.६७ च्या खाली गेलं, की भट्टीत ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे वेगळंच संयुग तयार होतं. तपासणी सोपी आहे: ११० अंशांवर वाळवलेला १ ग्रॅम चुना १००० अंशांवर तासभर तापवा. शुद्ध असेल तर २४.३ टक्के वजन घटतं. त्याहून जास्त घटलं तर खडू आहे. म्हणून अंदाजाने जास्तीचा चुना घालणं तर आणखी वाईट. उरलेला चुना भट्टीत कळीचा चुना होतो, पुढे दमट हवेत विरतो, फुगतो आणि तुकडा आतून तडकतो. भाजलेल्या पावडरवर फिनॉल्फ्थॅलीनचा (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचा) थेंब टाकून गुलाबी रंग आला, तर तो घाणा बाद समजावा. गुऱ्हाळातला किंवा तंबाखूच्या डबीतला चुना इथे चालत नाही. त्यातलं मॅग्नेशियम ट्रायकॅल्शियम फॉस्फेटकडे ओढतं.

वाळलेली पावडर थेट स्लरीत, म्हणजे स्पंजला लावायच्या पातळ लगद्यात, घालू नका. ती इतकी बारीक असते की पाणी पीतच राहते आणि तुकडा वाळताना भेगाळतो. आधी ९०० अंशांवर २ तास भाजा, मग बॉल मिलमध्ये दळा. स्लरीला १०० ग्रॅम पावडर, ७० मिलिच्या आसपास पाणी आणि त्या पाण्यात आधी गरम करून विरघळवलेलं ३ ग्रॅम पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, कण चिकटवून धरणारं). धिरड्याच्या पिठाइतकी दाट हवी. फेस आला तर बसू द्या.

गादीचा फोम चालत नाही, त्याच्या छिद्रांवर पापुद्रे असतात. फिल्टरचा जाळीदार पॉलियुरेथेन घ्या, इंचाला ४५ छिद्रांचा. भट्टीत तुकडा साधारण २० टक्के आकसतो. बिडाच्या पॅटर्नला आपण आकसण्यासाठी १ टक्का अलाउन्स देतो, इथे २० मिमीच्या ठोकळ्याला २५ मिमीचा स्पंज कापावा लागतो. छिद्रंही त्याच प्रमाणात आकसतात, हे विसरलं जातं. स्पंज स्लरीत दाबून सोडायचा, मग दोन काचांमध्ये पिळायचा आणि प्रत्येक बाजूने हलकी हवा मारायची. सावलीत ४८ तास वाळवा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्याहून जास्त.

भट्टीत ६०० अंशांपर्यंत मिनिटाला १ अंश, तिथे १ तास. स्पंज इथेच जळतो, घाई केली तर वायू भिंती फोडून बाहेर पडतो. तो धूर विषारी असतो, एक्झॉस्टशिवाय करूच नका. पुढे मिनिटाला ३ अंशांनी १२५० पर्यंत आणि तिथे २ तास. नेहमीच्या कॉलेजच्या मफल भट्टीची मजल हजार-अकराशेपर्यंतच असते, तिथे तुकडा कच्चा राहतो. १३५० च्या वर पदार्थच मोडू लागतो. खाली त्याच पावडरचा थर पसरा, नाहीतर आकसताना बूड अडकून फाटतं. थंड होईपर्यंत दार बंद.

निघालेला ठोकळा मोजा. २० मिमीचा ठोकळा ३.८ ग्रॅम भरला तर घनता घन सेंमीला ०.४७५ ग्रॅम, तिला भरीव हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या ३.१६ ने भागलं की १५ टक्के माल, ८५ टक्के पोकळी. दाबाला तो बहुधा १ मेगापास्कलही टिकत नाही, हाडाचा जाळीदार भाग साधारण २ ते १२ टिकतो. कारण भिंतीच्या आत स्पंज जळून गेलेली पोकळ नळी असते. उपाय म्हणजे भाजलेला तुकडा व्हॅक्यूमखाली पातळ स्लरीत बुडवून पुन्हा भाजणे. मात्र दोनदापेक्षा जास्त केलं की छिद्रांना जोडणाऱ्या खिडक्या बुजतात. रंगीत पाण्याचा थेंब वरून टाकून खाली सरळ उतरतो का, ते दर वेळी पाहा.

हा तुकडा रुग्णासाठी नाही. इम्प्लांटच्या हायड्रॉक्सीॲपेटाइटमध्ये आर्सेनिकची मर्यादा ३ पीपीएम, शिशाची ३० आणि सगळे जड धातू मिळून ५० आहे; साध्या लॅबच्या रसायनांनी ती पाळली जाईलच असं नाही. आणि हायड्रॉक्सीॲपेटाइट शरीरात वर्षानुवर्षं तसंच राहतं. ते विरून त्या जागी हाड यावं असं वाटत असेल, तर गुणोत्तर मुद्दाम १.५ धरून बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट करा. मग मात्र भट्टी ११०० च्या वर नेऊ नका, ११२५ च्या सुमारास बीटाचं अल्फा होऊ लागतं आणि त्या बदलात तुकडा फुगून तडकतो.